संदर्भसूचीतून दिसणारी विज्ञानाची वाट

संशोधनाच्या एखाद्या क्षेत्रात सध्या कशाचा बोलबाला आहे, कोणता प्रश्न मागे पडला, कोणते दोन विषय एकमेकांकडे सरकू लागले, हे आज संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांच्या नकाशात बघता येतं. एक ठिपका म्हणजे एक शोधनिबंध. ठिपके जोडणारी रेघ म्हणजे कोणी कोणाचा संदर्भ दिला याची नोंद. नकाशा नवा असला तरी तो ज्या नोंदींवर उभा आहे त्या जुन्याच आहेत: निबंधाच्या शेवटी बारीक टायपात छापलेली संदर्भसूची. ती सहसा कोणी वाचत नाही. पण आपण कोणाकडून काय घेतलं, हे लेखकाने तिथे स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं असतं. या लेखी कबुलीला सायटेशन म्हणतात. तिचा पद्धतशीर हिशेब ठेवण्याची कल्पना मात्र विज्ञानाला बाहेरून मिळाली, वकिलांकडून.

अमेरिकी न्यायालयात जुन्या निवाड्याचा आधार घ्यायचा, तर तो अजून ग्राह्य आहे का हे आधी तपासावं लागतं. वरच्या न्यायालयाने तो फिरवलेला असू शकतो, नंतरच्या एखाद्या खटल्यात त्याची व्याप्ती कमी केलेली असू शकते. निवाड्यांच्या पुस्तकात हे सापडत नाही, कारण पुस्तक छापलं तेव्हा पुढचं घडलेलंच नव्हतं. इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये यावर एक साधा उपाय काढला. त्यांनी डिंक लावलेल्या छोट्या चिठ्ठ्या छापल्या. वकिलाने चिठ्ठी आपल्या पुस्तकात त्या त्या निवाड्याच्या समासात चिकटवायची. तिच्यावर नंतर कोणकोणत्या खटल्यांत या निवाड्याचा उल्लेख झाला त्याची यादी असायची. पुढे चिठ्ठ्यांची जागा जाडजूड ग्रंथांनी घेतली, आणि ‘शेपर्डाइझ करणं’ हे वकिलांच्या रोजच्या बोलण्यातलं क्रियापद झालं.

सगळी गोम या चिठ्ठीत आहे. नेहमीची संदर्भसूची मागे बघते: मी लिहिलं, आणि माझ्याआधी अमक्याने हे लिहिलं होतं. चिठ्ठी पुढे बघते: हे लिहिलं गेलं, आणि त्यानंतर त्याचं काय झालं. संशोधनाचा कल ओळखायचा तर ही दुसरी दिशा हाताशी लागते.

विज्ञानात मोजणी सुरू झाली ती पहिल्या दिशेनेच. १९१७ मध्ये कोल आणि ईल्स यांनी तुलनात्मक शरीररचनाशास्त्राचं १५४३ ते १८६० या काळातलं साहित्य मोजून, कोणत्या देशात आणि कोणत्या दशकात या विषयाला भरती आली याचे आलेख काढले. तिथे मोजणी प्रकाशनांची होती, संदर्भांची नव्हती. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, ग्रॉस आणि ग्रॉस यांनी संदर्भ मोजले. त्यांचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाकडे पैसे थोडे. रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला, त्यातले ३,६३३ संदर्भ हाताने नोंदवले आणि कोणत्या नियतकालिकाचं नाव किती वेळा येतं ते पाहिलं. या आकड्यांवरून नियतकालिकाची निवड करायची, ही सवय तिथून लागली. ती पुढे कुठवर गेली ते येईलच.

दरम्यान, विज्ञानाची वाढ डोळ्यांनी पाहण्याचा योग डेरेक डी सोला प्राइस यांना आला. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. ग्रंथालयाची इमारत बांधून व्हायची होती, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे १६६५ पासूनचे खंड सुरक्षित राहावेत म्हणून प्राइस यांनी ते घरी नेले. दहा-दहा वर्षांच्या खंडांची एकेक चळत त्यांनी भिंतीशी रचली. पहिल्या काही चळती बुटक्या, मग थोड्या उंच, आणि शेवटच्या झपाट्याने वर चढलेल्या. भिंतीवर आपोआप एक वक्ररेषा उमटली होती, गणितात घातांकी वाढ म्हणतात तशी. विज्ञानाचं साहित्य साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होतं, हे त्यांनी पुढे वेगवेगळी मोजमापं घेऊन मांडलं. माहितीच्या या महापुरात माग ठेवायचा कसा, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्यांनाच भेडसावू लागला होता.

त्याला उत्तर शोधलं यूजीन गारफील्ड यांनी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात एका प्रकल्पावर काम करत होते. वैद्यकीय लेखांची विषयसूची यंत्राच्या मदतीने करता येईल का, असा तो प्रकल्प होता. १९५३ मध्ये त्यांना एक पत्र आलं. पाठवणारे विल्यम अडेर, शेपर्ड यांच्या कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष. वकिलांची ही पद्धत विज्ञानाला का लावू नये, असं त्यांनी सुचवलं होतं. गारफील्ड यांनी कल्पना उचलली, आणि जुलै १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा प्रस्ताव छापून आला.

तो प्रस्ताव आज वाचताना एक गोष्ट मनात राहते. कोणाला गुण द्यावेत, कोणाचे कापावेत, हा त्याचा मुख्य रोख नव्हता. खोटी, अपुरी किंवा कालबाह्य झालेली माहिती डोळे झाकून पुढे नेली जाते, ते थांबावं. जुन्या निबंधावर नंतर कोणी टीका केली असेल तर ती वाचकाच्या नजरेस पडावी, ही तळमळ तिथे आहे. दुसरा फायदा त्याहून मोठा. विषयवार सूची करणाऱ्याला निबंध कुठल्या कप्प्यात टाकायचा ते आधी ठरवावं लागतं, आणि नवा विषय जन्माला येतो तेव्हा त्याचा कप्पाच नसतो. संदर्भांच्या सूचीला कप्प्यांची गरज नाही. कोण कोणाशी जोडलेलं आहे ते लेखकांनीच सांगितलेलं असतं. म्हणूनच नाव पडण्याआधीसुद्धा नवा विषय तिथे दिसू शकतो.

प्रस्ताव छापला गेला आणि बरेच दिवस काही झालं नाही. मग १९५९ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी गारफील्ड यांना विचारणा केली, त्या सूचीचं पुढे काय झालं? लेडरबर्ग जनुकशास्त्रज्ञ, आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालेलं. त्यांच्या पाठिंब्याने सरकारी अनुदान मिळालं आणि आधी जनुकशास्त्रापुरती, मग सगळ्या विज्ञानाची सूची तयार झाली. १९६१ या एका वर्षातल्या ६१३ नियतकालिकांमधून सुमारे १४ लाख संदर्भ गोळा केले होते. सूची छापायला मात्र सरकारी पैसा मिळाला नाही. गारफील्ड यांच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेने, इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशनने, ती जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली आणि ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला.

त्या छापील खंडातली एक नोंद कशी असायची, ते बघण्यासारखं आहे. समजा ‘लाउरी ओ. एच.’ हे नाव काढलं. त्याखाली ५१, मग ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’चं संक्षिप्त नाव, खंड १९३, पान २६५. निबंधाचं शीर्षक नाही, विषय नाही. खाली त्या वर्षात ज्यांनी ज्यांनी या निबंधाचा संदर्भ दिला त्यांची नावं, नियतकालिक, खंड, पान, ओळीमागून ओळ. लाउरी यांच्या बाबतीत ही रांग संपतच नसे. प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा हा १९५१ चा निबंध आजवर सर्वाधिक संदर्भ मिळालेला शोधनिबंध ठरला आहे. २०१४ पर्यंत त्याची संख्या तीन लाखांवर गेली होती. त्याच वर्षी केलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा निबंध नाही. प्रयोगशाळेत रोज लागणाऱ्या पद्धतीचा उल्लेख सतत होत राहतो. मूलभूत शोध मात्र लवकरच पाठ्यपुस्तकात जातो आणि मग त्याचा संदर्भ द्यायची गरज कोणाला वाटत नाही. नुसती बेरीज करणाऱ्याने हे कधी विसरू नये.

बेरजेपलीकडे जाण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले होते. १९६४ मध्ये गारफील्ड, अर्व्हिंग शेर आणि रिचर्ड टॉर्पी यांनी डीएनएच्या शोधाचा इतिहास दोन मार्गांनी रेखाटला. एकात विज्ञानलेखक आयझॅक अॅसिमोव्ह यांनी या शोधाच्या इतिहासात सांगितलेल्या घटना आणि त्यांचे दुवे, दुसऱ्यात त्याच घटनांच्या मूळ निबंधांमधले प्रत्यक्ष संदर्भ. दोन्ही जाळी शेजारी ठेवल्यावर बराच मेळ बसला, आणि इतिहासकाराच्या नजरेतून निसटलेले काही दुवे संदर्भांनी दाखवले. पुढच्याच वर्षी प्राइस यांनी ‘सायन्स’मध्ये शोधनिबंधांच्या जाळ्यावर लिहिलं. नवे निबंध जुन्या साहित्याला सगळीकडे सारखे जोडलेले नसतात. ते अगदी अलीकडच्या थोड्या निबंधांना घट्ट विणलेले असतात. या विणकामाच्या चालू कडेला त्यांनी ‘रिसर्च फ्रंट’ म्हटलं. संशोधनाची आघाडी म्हणू या. आजचे सगळे कल-नकाशे ही आघाडी शोधायचाच खटाटोप करतात.

आघाडी शोधायची तर कोणते निबंध एका गटातले हे कळायला हवं. एमआयटीतल्या केसलर यांनी १९६३ मध्ये एक युक्ती मांडली: दोन निबंधांच्या संदर्भसूचीत समान नोंदी असतील तर ते एकमेकांचे नातेवाईक. पण हे नातं छापल्या दिवशीच कायमचं ठरतं. १९७३ मध्ये हेन्री स्मॉल यांनी अमेरिकेत आणि इरिना मार्शाकोव्हा यांनी सोव्हिएत संघात, एकमेकांना ठाऊक नसताना, युक्ती उलटी केली. दोन जुन्या निबंधांचा उल्लेख नवे लेखक एकत्र करतात का, ते बघायचं. हे नातं दरवर्षी बदलू शकतं, कारण ते नंतरचे लोक ठरवतात. मला तर हीच या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. स्मॉल यांनी कोलॅजेन या प्रथिनावरच्या संशोधनाची १९७० ते १९७४ अशी सलग वर्षं घेतली. गटाच्या गाभ्यातले निबंध सावकाश बदलतील अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात मधल्या एका टप्प्यावर जवळजवळ सगळा गाभाच पालटला, कारण कोलॅजेनचं आधीचं रूप, प्रोकोलॅजेन, हाती लागलं होतं. स्मॉल यांनी त्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांना प्रश्नावली पाठवून हे चित्र पडताळूनही पाहिलं. आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष जाणकारांना विचारून तपासण्याची ही रीत पुढे फार थोड्यांनी पाळली.

कारण तोवर वाऱ्याची दिशा बदलली होती. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी गारफील्ड आणि शेर यांनी एक सरासरी काढली होती: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या. हाच इम्पॅक्ट फॅक्टर. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तो दरवर्षी जाहीर होऊ लागला आणि ग्रंथपालाच्या टेबलावरून थेट निवड समितीच्या टेबलावर जाऊन बसला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हर्श यांनी एच-इंडेक्स दिला (एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, तर त्याचा आकडा किमान दहा), म्हणजे माणसालाच एक आकडा चिकटला. यात अन्याय आहेच: गणितज्ञ मोजके संदर्भ देतात, रेणवीय जीवशास्त्रात ढिगाने देतात, आणि दोघांना एकच फूटपट्टी. पण कल ओळखू पाहणाऱ्याच्या दृष्टीने दुसरं नुकसान जास्त खोल आहे. संदर्भ हा बक्षिसाचा हिशेब झाला की तो बक्षिसासाठी दिला जातो. स्वतःचेच जुने निबंध जोडायचे, संपादकाने आपल्याच नियतकालिकाचे संदर्भ घालायला लावायचे, असे प्रकार इतके वाढले की अतिरेकी आत्मसंदर्भांमुळे काही नियतकालिकांना वार्षिक यादीतून वगळावं लागलं. साक्षीदाराला पैसे मिळू लागले की साक्षीवरचा विश्वास उडतो. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला, संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा डोरा जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा यांनी हेच बजावलं: नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नका.

तंत्र या काळात वेगाने पुढे गेलं. छापील खंड चुंबकीय फितीवर, मग सीडीवर आणि १९९७ मध्ये ‘वेब ऑफ सायन्स’ म्हणून इंटरनेटवर आले. गूगलच्या संस्थापकांनी पानांची क्रमवारी लावताना संदर्भमोजणीचंच तत्त्व वापरलं. २००४ मध्ये ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ या आणखी दोन सूची आल्या. ‘साइटस्पेस’ आणि ‘व्हीओएसव्ह्यूअर’ या संगणकप्रणालींमुळे नकाशा काढणं कोणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. दोन मर्यादा मात्र तशाच राहिल्या. संशोधन होऊन, लिहून, तपासून, छापून त्याला पहिला संदर्भ मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे नकाशातली आघाडी प्रत्यक्षात थोडी मागचीच असते. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह’सारख्या पूर्वमुद्रण संग्रहांनी, म्हणजे छापण्याआधीच निबंध जिथे ठेवले जातात त्यांनी, ही फट कमी केली, बुजवली नाही. आणि सूचीत जे नियतकालिक नाही, जी भाषा नाही, ते संशोधन नकाशात अस्तित्वातच नसतं.

शिवाय हे सगळे नकाशे ज्या नोंदींवर काढायचे त्यांना कुलूप होतं. लेखकांनी फुकट लिहून दिलेल्या संदर्भसूच्या गोळा करून त्या वर्गणीच्या भिंतीआड विकल्या जात. प्रकाशक ‘क्रॉसरेफ’ या सामाईक संस्थेकडे संदर्भ जमा करत असत, पण त्यांतले जेमतेम एक टक्का खुले होते. एप्रिल २०१७ मध्ये ‘इनिशिएटिव्ह फॉर ओपन सायटेशन्स’ ही मोहीम जाहीर झाली तेव्हा अनेक मोठ्या प्रकाशकांनी होकार दिल्यामुळे हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं. गारफील्ड काही आठवडे आधीच, २६ फेब्रुवारीला, वारले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘ओपनअॅलेक्स’ ही खुली सूची सुरू झाली, आणि त्याच वर्षी जूनपासून क्रॉसरेफकडचे सगळेच संदर्भ खुले झाले.