टर्बोच्या तेलाची वाट: फिटिंग निवडताना

मुळात टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) नसलेल्या इंजिनाला तो नंतर जोडायचा म्हटलं की चर्चा रंगते ती टर्बोचा आकार, इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) आणि वाढणाऱ्या ताकदीची. तेल आणणाऱ्या नळीला मात्र किटच्या पुडीतून निघेल ते फिटिंग (नळी जोडणारा आट्यांचा तुकडा) लागतं. माझ्या मते विचाराची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

टर्बोची दांडी मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेते. लहान टर्बो दोन लाखांच्याही वर जातात. तिच्या एका टोकाला एक्झॉस्टचा वायू असतो, पेट्रोल इंजिनात 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाणारा. जर्नल बेअरिंगमध्ये, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या आधारात, फिरती दांडी बुशाला (तिच्याभोवतीच्या धातूच्या नळकांड्याला) टेकत नाही. मधल्या तेलाच्या पातळ थरावर ती तरंगते. उष्णताही तेच तेल वाहून नेतं. भर वेगात काही सेकंद तेल तुटलं, तरी धातू धातूला घासू लागतो.

फिटिंगच्या दुकानात शेकडो प्रकार दिसतात, पण गळती थांबवण्याच्या पद्धती मुळात दोनच आहेत. एकीत आटेच तेल अडवतात: ते टोकाकडे निमुळते असतात आणि आवळताना एकमेकांत रुततात. दुसरीत आटे सरळ असतात आणि त्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. तेल अडवतो तो वॉशर, ओ-रिंग किंवा शंकूसारखा घासलेला पृष्ठभाग. समोरचं भोक यांपैकी कोणत्या घरातलं आहे, हे कळल्याशिवाय फिटिंग विकत घेऊ नये.

घोटाळा होतो तो पहिल्या, निमुळत्या आट्यांच्या घरात. 1990च्या दशकातल्या होंडा सिव्हिकच्या बी-मालिकेतल्या इंजिनांना टर्बो जोडण्याची अमेरिकेत मोठी हौस आहे. तिथे तेल बहुधा ऑईल प्रेशर स्विचच्या जागेवरून घेतात. त्या भोकाचे आटे 1/8 बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. अमेरिकी दुकानात 1/8 मागितलं की हातात पडतं एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचं. दोन्ही निमुळते, नावात तोच आकडा, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आटे बसतातही. पण बीएसपीटीला इंचात 28 आटे आणि 55 अंशांचा कोन. एनपीटीला 27 आटे आणि 60 अंशांचा कोन. एका आट्यामागे फरक जेमतेम 0.03 मिलिमीटर, पाच आट्यांत तो 0.17 होतो. शिवाय एनपीटीचा बाहेरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मोठा. पाना जड लागतो, तेव्हा वाटतं की छान घट्ट बसलं. प्रत्यक्षात आटे चिरडले जात असतात. हे फिटिंग इंजिनाच्या कंपनांत कधीतरी गळणार, आणि ते तेल तापून लाल झालेल्या टर्बाईनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) कवचावर उडालं तर आग लागू शकते. दोन मापं जोडणारं ॲडॉप्टर स्वस्तात मिळतं. आटे मोजायचा गेज जवळ ठेवावा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये.

टेफ्लॉन टेप मला या कामात अजिबात मान्य नाही. तिचा तुटका धागा तेलाबरोबर वाहत जाऊन बारीक भोकात अडकतो. निमुळत्या आट्यांना तेल सोसणारं द्रव सीलंट लावावं, तेही पहिला आटा सोडून. एएन (अमेरिकी आर्मी-नेव्ही मानकाच्या) फिटिंगला काहीच लावायचं नसतं; तिथे 37 अंशांचे दोन शंकू एकमेकांवर बसतात. 45 अंशांचा फ्लेअर (नळीचं शंकूसारखं पसरवलेलं तोंड) त्यावर आवळला, तर संपर्क उरतो तो एका बारीक कडेपुरता. बॅंजो बोल्टचे (आतून तेल जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्यावेत, कारण दाबलं गेलेलं तांबं कडक होतं आणि पुन्हा नीट बसत नाही.

नळीचं माप ठरवणं सोपं आहे. एएनचा आकडा म्हणजे धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागांत. म्हणून 4 नंबर म्हणजे पाव इंच, आणि जर्नल बेअरिंगला सहसा तो पुरतो. बॉल बेअरिंगला, म्हणजे गोळ्यांवर फिरणाऱ्या आधाराला, तेल कमी लागतं. जास्त झालं तर ते सीलमधून बाहेर पडतं आणि निळा धूर दिसतो. गॅरेट कंपनीच्या बॉल बेअरिंग टर्बोंसाठी सुमारे 1 मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह कमी करणारा तुकडा) वापरतात. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे तेच भोक दीड मिलिमीटर केलं की तेल जवळजवळ सव्वादोन पट वाढतं. मात्र बॉल बेअरिंगचा हा रिस्ट्रिक्टर जर्नल बेअरिंगच्या टर्बोला लावला, तर तो उपाशी मरेल.

परतीची नळी मोठी लागते, बहुधा 10 नंबरची. बेअरिंगमधून निघालेलं तेल फेसाळलेलं असतं, त्यामागे पंपाचा दाब उरलेला नसतो. ते फक्त वजनाने खाली उतरतं. म्हणून ही नळी शक्य तितकी उभी, कुठेही झोळ न पडता, संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडावी. टर्बोचे सील रबरी नसतात, पिस्टन रिंगसारखे असतात. तेल साचून राहिलं तर ते सील त्याला अडवू शकत नाहीत, आणि टर्बो खराब निघाला असा निष्कर्ष निघतो.

सगळं जोडल्यावर टर्बोच्या तेलाच्या तोंडातून थोडं स्वच्छ तेल ओतावं. मग इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, परतीच्या नळीचं खालचं टोक सोडवून भांड्यात धरावं आणि स्टार्टरने थांबत थांबत इंजिन फिरवावं. भांड्यात तेलाची सलग धार आली, की नळी परत जोडून गाडी सुरू करायला हरकत नाही.