चांदिपुरा आणि ‘दोन दिवस बघू’ : हा उशीर आला कुठून

जुलै 2024 मध्ये गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि आसपास चांदिपुरा या मेंदूला सूज आणणाऱ्या व्हायरसची साथ होती, तिथली लहान मुलं तापाने फणफणलेली, फिट येत असलेल्या अवस्थेत बडोद्याला सयाजी हॉस्पिटलमध्ये आणली जात होती, तेव्हा आपल्या मराठी घरांमध्येसुद्धा गप्पांत एकच वाक्य यायचं, की हे अडाणी लोक, पोराला आणायला उशीर करतात. मला हे ऐकून राग यायचा आणि अजूनही येतो. उशीर होतो हे खरंच आहे, पण तो एकट्या आईबापांचा नसतो आणि एका पावसाळ्यात तयार झालेलाही नाही, म्हणून थोडं मागे जाऊन लिहितोय.

हा व्हायरस मुळात आपल्या नागपूरकडचा. 1965 मध्ये तिकडे तापाची साथ होती, डेंग्यू-चिकनगुनियाची, त्यातल्या दोन पेशंटच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी), हा वेगळाच व्हायरस सापडला आणि त्याला चांदिपुरा नाव मिळालं. नंतर कितीतरी वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं बघितलं नाही, साधा ताप आणणारा एक व्हायरस एवढंच. मग 2003 मध्ये आंध्रात 329 मुलं आजारी पडली आणि त्यातली 183 गेली, बहुतेक मुलं तर अ‍ॅडमिट केल्यापासून 24 तासांच्या आत. पुढच्याच वर्षी, 2004 च्या जून-जुलैत, गुजरातच्या पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यात तो आला, केसेस थोड्याच होत्या पण मृत्यूचं प्रमाण 78 टक्क्यांच्या आसपास. 2007 मध्ये पुन्हा नागपूर विभागात 78 केसेस झाल्या, त्यात जवळपास 44 टक्के मृत्यू. तरी शहरातल्या बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते 2024 मध्येच.

आता उशीराचं. ताप आला की दोन दिवस बघायचं, ही सवय मूर्खपणातून आलेली नाही, ती अनुभवातून आली आहे, कारण बहुतेक ताप खरोखर दोन-तीन दिवसांत उतरतात. जुने जीवघेणे आजारसुद्धा वेळ द्यायचे. देवीच्या साथीत पेशंट दगावायचा तो बहुतेक दुसऱ्या आठवड्यात, त्यामुळे कडुलिंबाचा पाला बांधणं, शीतळेला नवस बोलणं, औषध न देणं, हे सगळं चालायचं तेवढे दिवस हातात असायचे. (तसंही देवीवर गुण देणारं औषध नव्हतंच, लस होती.) गोवर-कांजिण्यांतही घराघरांत तोच रिवाज टिकला, आपल्या बडोद्यातल्या जुन्या वाड्यांमध्येसुद्धा. चांदिपुरा मात्र सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी फिट आणि रात्री मूल बेशुद्ध असा जाऊ शकतो. म्हणजे दोन दिवस बघू म्हणेपर्यंत अख्खा आजारच संपलेला असतो, आणि हे त्या आईला आधी कोणी सांगितलेलं नसतं.

त्यात सीझन बघा. जून ते ऑगस्ट, पेरणीचे दिवस, घरातली मोठी माणसं शेतात, किंवा बडोद्यातच एखाद्या कन्स्ट्रक्शन साइटवर मजुरीला आणि पोरं गावी आजीकडे. ताप चढला की आधी गावातला डॉक्टर, ज्याच्याकडे डिग्री असेल किंवा नसेल पण तो रात्रीही दार उघडतो, तो एक इंजेक्शन देतो, थोडं बरं वाटतं, त्यात काही तास गेले. फिट आली की भुवाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, कारण फिट म्हणजे बाहेरचं काहीतरी ही समजूत खूप जुनी आहे. मग पीएचसी, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून तालुक्याला, तिथून गोध्रा सिव्हिल, तिथून आणखी साधारण 80 किलोमीटर बडोदा, दाहोदहून तर दीडशेच्या आसपास. प्रत्येक ठिकाणी केस पेपर, तपासणी, चिठ्ठी, गाडीची वाट. लोक म्हणतात घरात उशीर झाला, पण मला वाटतं रेफर होत होत जाणारे तास कोणी मोजतच नाही! 2004 च्या साथीत तर 108 ची अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा नव्हती, ती गुजरातमध्ये 2007 ला सुरू झाली, त्याआधी जीप शोधा आणि भाड्याचे पैसे जमवा.

आणि शहरातले शिकलेले लोक वेळेवर जातात असंही नाही. 2015 चा स्वाइन फ्लू आठवा, देशभरात 42 हजारांवर केसेस आणि तीन हजारांच्या जवळ मृत्यू, गुजरातला तर फारच मोठा फटका बसला होता. ओसेल्टामिविर म्हणजे टॅमिफ्लू पहिल्या 48 तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं चालतं, पण तेव्हा ते शेड्यूल एक्स मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधन असलेल्या औषधांच्या यादीत होतं, नाक्यावरच्या केमिस्टकडे मिळायचंच नाही, ते बंधन सैल झालं 2017 मध्ये. म्हणजे आधी घरी क्रोसिन घेऊन वाट बघायची, मग औषध शोधत फिरायचं, आणि दम लागल्यावर हॉस्पिटल. एकाला अडाणीपणा म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरोबर नाही.

अजून एक गैरसमज रिपोर्टचा, की तो आला की मगच उपचार सुरू होतात. सॅम्पल आधी पुण्याला जायची, जुलै 2024 मध्ये गांधीनगरच्या जीबीआरसी या सरकारी लॅबमध्ये टेस्ट सुरू झाली आणि ते फार चांगलं झालं, पण चांदिपुराला खास औषध नाही आणि लसही नाही. फिट थांबवणं, शुगर पडू न देणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास चालू ठेवणं, हीच ट्रीटमेंट, आणि ती रिपोर्ट यायच्या आधीच सुरू करावी लागते. रिपोर्ट कामाला येतो तो गावासाठी, म्हणजे कच्च्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात मॅलॅथिऑन हे कीटकनाशक कुठे मारायचं हे कळायला, कारण हा व्हायरस पसरवणारी सँडफ्लाय ही बारीक माशी तिथेच राहते आणि ती इतकी बारीक असते की साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरते.

2024 मध्ये जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या 245 केसेस आणि 82 मृत्यू, म्हणजे 33 टक्के, नोंदले गेले, त्या केसेसपैकी 64 चांदिपुरा म्हणून कन्फर्म, 61 एकट्या गुजरातच्या. हे 33 टक्के 2004 च्या 78 टक्क्यांशेजारी ठेवून केवढी सुधारणा म्हणता येत नाही, कारण 245 मध्ये दुसऱ्या कारणांच्या केसेसही आहेत. आणि 2003 पासून आपण जे ‘अ‍ॅडमिट केल्यापासून 24 तासांत’ म्हणत आलोय, त्यातलं घड्याळ हॉस्पिटलच्या दारात सुरू होतं. मुलाला ताप पहिल्यांदा कधी चढला, पहिली फिट किती वाजता आली, आणि त्यानंतर ते किती दारांवरून फिरून इथे पोचलं, हे त्या आकड्यात कुठेच नाही.