बत्तीस इंच कुठून आले?

22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्याच आठवड्यात कोथरूडच्या मावशीचा फोन आला. तिचा जुना टीव्ही मधूनच काळा पडायला लागला होता आणि दसऱ्याच्या आत नवा हवा होता. "बत्तीसच घ्यायचा ना रे?" तिनं विचारलं. "मावशी, तुला बत्तीसच का हवाय?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "सगळे तोच घेतात."

खरंच, पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत गेल्या दहाबारा वर्षांत बत्तीस इंच हे जणू टीव्हीचं दुसरं नावच झालं आहे. पण हा आकडा आपल्या हॉलच्या मापावरून आलेला नाही. तो कारखान्यातल्या काचेवरून आणि सरकारच्या करावरून आला आहे. टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला हा मागचा प्रवास ठाऊक असेल, तर दुकानात उभं राहून निर्णय घेणं पुष्कळ सोपं जातं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि 1973 मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले. शहरभर गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने उभे राहिले आणि सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, गडाकडे. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात कौलांवर चढून अँटेना फिरवायचं काम मामाचं. खाली खिडकीत आजोबा. "आलं का?" "मुंग्या आहेत अजून. जरा डावीकडे घे. हां, थांब, थांब!" वारा सुटला की पुन्हा तेच. टीव्ही ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे आणि ती पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. वाड्यात एकाच घरी संच, बाकीचे सगळे शेजारच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेले. अशा वेळी टीव्ही किती इंची आहे हे कुणी विचारत नसे. तो आहे की नाही, एवढाच प्रश्न असे.

1982 मध्ये रंग आले. त्या वर्षीच्या दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्तानं सरकारनं रंगीत संचांची आयात सैल केली. पुढे 1987 च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी लक्ष्मी रोड ओस पडायला लागला. चौदा इंची, वीस इंची, एकवीस इंची हे आकार त्या काळातले. इंच मोजायचे ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. एकवीस इंचीतलं दिसणारं चित्र जेमतेम वीस इंचांचं, म्हणजे 41 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच. त्यासाठी काचेची जाड, जड पिक्चर ट्यूब आणि तिच्या मागे हातभर लांबीचं पोट. संच उचलायला दोघे लागत. घरातलं शोकेस त्याच्या खोलीच्या हिशेबानं बनवलं जाई आणि टीव्ही बदलायचा म्हणजे सुतारालाही बोलवावं लागे.

'फ्लॅट' हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ आजचा नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुकानदार फ्लॅट टीव्ही म्हणून जो दाखवत, त्याची फक्त पुढची काच सपाट होती. मागे ट्यूब होतीच, उलट काच सपाट करायची म्हणून ती जास्त जाड आणि वजनदार झालेली. माझ्या वडिलांनी 2001 साली असाच एकोणतीस इंची घेतला होता. तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी दोनदा जिन्यात टेकवला.

मग खरा सपाट टीव्ही आला तो दोन रूपांत, प्लाझ्मा आणि एलसीडी. दोन्हींची मुळं साठच्या दशकातली. प्लाझ्मा 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जन्माला आला. एलसीडीवर आधारलेला पडदा 1968 मध्ये आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेनं दाखवला. प्लाझ्माचा काळा रंग सुरेख, पण तो तापायचा, वीज जास्त खायचा आणि लहान आकारात परवडणारा बनवता येत नव्हता. 2014 च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी तो बंदच केला. आपल्या घरांसाठी शर्यत जिंकली एलसीडीनं.

इथे एक गैरसमज अजून टिकून आहे, तो दूर करायला हवा. लोक विचारतात, "एलसीडी घेऊ की एलईडी?" एलईडी टीव्ही हासुद्धा एलसीडीच आहे. एलसीडीचे ठिपके स्वतः उजळत नाहीत, त्यांना मागून उजेड लागतो. आधी तो बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्यांचा होता. 2009 पासून त्याच्या जागी एलईडी दिवे आले आणि जाहिरातीत संचाचं नावच बदललं. टीव्ही पातळ झाला, वीज वाचली, पण पडदा तोच. दुकानातल्या चकचकीत नावांपैकी ओएलईडी तेवढा खरोखर वेगळा, कारण त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तो आजही स्वस्तात बसत नाही, त्यामुळे इथे सोडून देतो.

आता बत्तीस इंच. एलसीडीचे पडदे एकेक करून बनत नाहीत. एका भल्या मोठ्या काचेवर बनवून मग कापतात. चीन, कोरिया, तैवानमधल्या साडेआठव्या पिढीच्या म्हणवल्या जाणाऱ्या कारखान्यांत ही काच साधारण 2.2 मीटर बाय 2.5 मीटरची असते. तिच्यातून 32 इंची पडदे 18 निघतात, 55 इंची 6 निघतात आणि काच जवळपास वाया जात नाही. शिंपी पन्ह्याचा अंदाज घेऊन कापड बेततो, तसंच हे. टीव्हीच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा या पडद्याचा असतो, म्हणून काचेत नीट बसणारा आकार तोच स्वस्त आकार. पुण्याजवळ रांजणगावला 2004 पासून एलजीचा कारखाना आहे, नोएडाच्या परिसरातही मोठे कारखाने आहेत. पण तिथे मुख्यत्वे जोडणी होते. 'ओपन सेल' म्हणतात तो उघडा पडदा बाहेरूनच येतो. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यावर पुन्हा 5 टक्के आयात शुल्क लागलं तेव्हा टीव्ही महागण्याची चर्चा झाली, ती यामुळेच.

काचेच्या जोडीला कर आले. एके काळी दुबई, सिंगापूर, बँकॉकहून येणारी मंडळी विमानातून टीव्ही घेऊन येत. 26 ऑगस्ट 2013 पासून सरकारनं त्यावरची सामानातली सवलत काढली आणि 36.05 टक्के शुल्क लावलं. पहिल्याच रुपयापासून शुल्क, त्यामुळे ती वाट जवळजवळ बंद झाली. मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, टीव्हीवर 28 टक्के. पुढच्या वर्षी जुलैत 68 सेंटिमीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 27 इंची संचांना 18 टक्क्यांत घेतलं आणि 1 जानेवारी 2019 पासून ही रेषा 32 इंचांवर आणून ठेवली. साडेसहा वर्षांहून जास्त काळ ती तिथेच राहिली. मूळ किंमत 20,000 असलेला 43 इंची संच 28 टक्क्यांनी 25,600 ला पडायचा, तोच 18 टक्क्यांनी 23,600 ला पडतो. दोन हजारांचा हा फरक अनेक घरांनी टाळला आणि बत्तीसवर थांबली. त्याच सुमारास, मार्च 2018 मध्ये, शाओमीनं 32 इंची स्मार्ट टीव्ही 13,999 ला आणि 43 इंची 22,999 ला आणला आणि बाकीच्या कंपन्यांनाही किमती उतरवाव्या लागल्या. मावशीचं "सगळे तोच घेतात" हे असं घडलेलं आहे.

रेषा आता पुसली गेली आहे. म्हणून पहिल्यांदाच आकार आपल्या भिंतीवरून आणि बसायच्या जागेवरून ठरवता येईल आणि मला वाटतं तसाच तो ठरवावा.

मावशीच्या हॉलमध्ये दिवाणापासून भिंत आठ फुटांवर. नीट दिसणाऱ्या डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या कोनातले, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागातले दोन ठिपके वेगळे कळतात. त्याहून जवळचे एकात एक मिसळतात. पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येनुसार एचडी रेडी, त्याहून जास्त ठिपक्यांचा फुल एचडी आणि सर्वांत जास्त ठिपक्यांचा फोरके, असे प्रकार असतात. या हिशेबानं 32 इंची एचडी रेडी पडद्याचे ठिपके सहा फुटांपलीकडून दिसत नाहीत. 43 इंची फुल एचडीचे साडेपाच फुटांपलीकडून दिसत नाहीत. 43 इंची फोरकेचे ठिपके पाहायचे तर तीन फुटांच्या आत जावं लागेल. म्हणजे आठ फुटांवरून 43 इंचीत फुल एचडी आणि फोरके यांतला ठिपक्यांचा फरक मावशीला दिसणारच नाही. 55 इंचीतसुद्धा फुल एचडीची हद्द सात फुटांच्या थोडी पुढे संपते. मोठा आकार मात्र लगेच जाणवतो. 43 इंचीचं चित्र 95 सेंटिमीटर रुंद आणि 54 उंच, तर 32 इंचीचं 71 बाय 40. बातमीखालची पट्टी वाचायला चष्मा शोधावा लागतो की नाही, हे या फरकावर ठरतं.

दुसरी गोष्ट सिग्नलची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडला केबल सेट-टॉप बॉक्सवर गेली 2013 मध्ये, पण पुष्कळ घरांत वाहिन्या आजही एसडीच, म्हणजे जुन्या, कमी बारकाव्याच्या चित्राच्याच आहेत. एसडी चित्राच्या आडव्या रेषा 576. मोठ्या फोरके पडद्यावर त्या ताणल्या की चेहरे पुसट दिसतात आणि लोक टीव्हीला दोष देतात. केबलवाल्याकडून दोनतीन आवडत्या वाहिन्या एचडीत घेतल्या तर जुन्या टीव्हीतही फरक पडतो.

स्मार्ट टीव्हीबाबत स्वतःचा अनुभव सांगतो. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या स्वस्त 43 इंचीचा पडदा आजही उत्तम आहे, पण चौथ्या वर्षी त्यातली ॲप्स रखडायला लागली आणि एक तर उघडेनाच. अपडेट येणं थांबलं होतं, रॅम एक जीबी. शेवटी मागच्या एचडीएमआय खाचेत ॲप्स चालवणारी एक स्टिक लावली आणि तो पुन्हा चालायला लागला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, पैसे पडद्याला द्या, निदान दोन जीबी रॅम बघा आणि बाकीचं पुढे बाहेरून जोडता येतं. 'एचडीआर'च्या, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त उठावदार दाखवण्याच्या स्टिकरसाठी जास्त देऊ नका, कारण स्वस्त पडद्याला तेवढा उजेडच नसतो. आणि खोलीत लोक बाजूला बसत असतील तर दुकानात टीव्हीच्या कडेला जाऊन उभे राहा. काही पडद्यांचा रंग तिरकं पाहिल्यावर विटतो, त्यांचा काळा मात्र गडद असतो. समोरून बघणाऱ्यांना तो चालेल, मावशीकडे नाही. तिच्या घरी संध्याकाळी चार माणसं येतात आणि दोन नेहमी खुर्चीवर, भिंतीलगत.

रविवारी तिच्याकडे गेलो तेव्हा वर्तमानपत्राची पानं चिकटवून 95 बाय 54 चा कागद केला आणि भिंतीवर लावला. जुन्या टीव्हीची धुळीची चौकट त्याच्या आतच राहिली. मावशी दिवाणावर बसली, मग उठून भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली आणि तिथून कागदावरचा मथळा मोठ्यानं वाचून दाखवला. मग म्हणाली, "थोडा खाली घे. मान वर करायला लागते."

कागद वीतभर खाली घेतला आणि पेन्सिलनं चार कोपऱ्यांवर खुणा केल्या.