बोधनिक राखीव

मेंदूची झीज होऊनही ओळख, हिशेब आणि रोजचा व्यवहार टिकवून धरण्याची माणसाची क्षमता. शिक्षण, डोके लावून करायचे काम, एकाहून अधिक भाषा आणि माणसांतला वावर यांतून ती आयुष्यभर साठते. १९८८ मध्ये अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी तपासलेल्या १३७ मृतांपैकी काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती.

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावरून हे नीट कळते. काठोकाठ भरलेला तलावही उन्हाळ्यात आटतोच, फक्त तळ उशिरा दिसतो. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्यांच्या २०१८ च्या अभ्यासातही हेच आले: डोके चालवत आलेल्यांची पातळी वरची, वयाने होणाऱ्या घसरणीचा वेग मात्र इतरांइतकाच. म्हणून ‘कोडी सोडवा, विसरभोळेपणा टळेल’ हा दावा फोल आहे. स्मृतिभ्रंशाचा आजार जडला तर गोष्ट वेगळी: राखीव मोठी असली की तो दिसतो उशिरा आणि मग झपाट्याने वाढतो, कारण आत तो बराच पुढे गेलेला असतो.

शाळाच सर्वस्व नाही. हैदराबादच्या ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांत (२०१३) दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाला होता, निरक्षरांतही. गडचिरोलीत गोंडी-मराठी, मेळघाटात कोरकू-हिंदी-मराठी ही अदलाबदल रोजचीच.

गावात स्मृती तपासताना इंग्रजी तारीख विचारून आजीला नापास करू नये. तिथी, चालू नक्षत्र, पोळ्याला किती दिवस उरले हे विचारावे. हिशेब वेचणीचा घालावा: किलोला १० रुपये, कापूस ३७ किलो, ५० रुपये उचल घेतलेली, हाती किती? बैल, विळा, चिंच असे तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारावेत. आधी कान आणि मोतीबिंदू पाहावा. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच. ब-१२ची कमतरता, थायरॉइड, उदासी यांनीही विसर पडतो. उलट, गावभरची उधारी तोंडपाठ असणारा म्हातारा पहिल्या घसरणीतही अशा चाचणीत सहज पास होतो. तिथे घरच्यांना ‘पूर्वीसारखा आहे का’ हेच विचारावे.

भजनी मंडळात वर्षानुवर्षांचे भजन सवयीने येते, डोक्याला ताण पडत नाही. राखीव वाढवायची तर नवी चाल, नवे भजन घ्यावे. रोज एक कडवे, दुसऱ्या दिवशी वही मिटून म्हणावे.