कन्नडच्या घाटात सापडणारं बेरिंग

जुनी गाडी धुळ्याहून जळगावकडे निघाली, काटा ६० च्या पुढे गेला आणि खालून 'घूं' सुरू झालं, की बहुतेक जण काच खाली करून कान लावतात आणि "डावं पुढचं चाक" असं ठामपणे सांगून मोकळे होतात. हा अंदाज बऱ्याचदा फसतो. चाकाची थरथर हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागातून, सस्पेन्शनमध्ये आणि तिथून बॉडीत शिरते, मग पायाखालचा नाहीतर दाराचा पत्राच वाजायला लागतो. उगम भलतीकडेच असतो. म्हणून आवाज कुठून येतोय यावर डोकं खपवण्यापेक्षा तो कशाने बदलतो ते बघावं.

आधी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून गाडी न्यूट्रल करायची. इंजिन मात्र चालूच ठेवायचं. बंद केलं तर ब्रेक जड होतो आणि किल्ली काढली तर स्टेअरिंगही लॉक होऊ शकतं. इंजिनाचे फेरे उतरले तरी आवाज कायम राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू बसत गेला, तर इंजिनाला सोडून द्या. चोर बहुतेक चाकापाशी आहे.

आता टायर की बेरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते गोळ्या भरलेलं कडं? डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर. थांबल्यावर टायरच्या नक्षीवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची रेष, बिघडून टायर तिरका झिजलाय. बेरिंगला रस्त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, त्याला कळतं ते वजन. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. त्या वळणावर 'घूं' वाढलं आणि उजव्या वळणावर दबलं, तर बहुतेकदा उजवं बेरिंग गेलेलं असतं. दोन-चार वळणं पुरतात, फक्त रेडिओ बंद हवा.

हे 'घूं' तयार कसं होतं? मारुती ८०० चा १४५/७० आर १२ टायर घ्या. त्याचा परीघ साधारण १.६ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला दहाएक फेरे घेतं. बेरिंगच्या स्थिर कड्यावर खड्ड्याच्या दणक्याने एक टवका उडालाय आणि आत १२ गोळ्या आहेत असं समजू. गोळ्या चाकाच्या निम्म्याहून कमी वेगाने पुढे सरकतात, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात टवक्यावरून पाचेक गोळ्या जातात. म्हणजे सेकंदाला ५० च्या आसपास ठोके. सेकंदाला २० च्या वर गेलेले ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सूर होतो. ताशी २० ला तेच ठोके १७ वर येतात. म्हणूनच गल्लीत गुरगुरणारी गाडी हायवेवर घुमते.

याउलट चाकाचा नट ढिला असेल तर फेऱ्याला एक 'धप'. ताशी २० ला सेकंदाला तीन-साडेतीन, म्हणजे मोजता येण्यासारखे. तिथेच गाडी बाजूला घ्या आणि पाना काढा.

भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाने बेरिंग जातं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. चांगलं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास वितळून गळायला लागतं. खरा शत्रू पाऊस. ब्रेक मारून तापलेला हब नाल्याच्या फरशीवरच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, पोलाद गंजतं, आणि आवाज येतो तो दिवाळीच्या सुमारास! शेतरस्त्याची काळी माती रिमच्या आत चिकटून वाळली तर चाक असंतुलित होऊन ७०-८० ला स्टेअरिंग थरथरतं. ते मात्र धुतलं की जातं. बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी रिममध्ये हात घालून बघा.

स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढे निघताना 'कट-कट' आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा सांधा; त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस रिमवर उडालेलं दिसेल. बारीक चिरका आवाज ब्रेक दाबताच बदलला तर पॅड संपत आलेत. एकदम 'खर्र' सुरू झालं तर बऱ्याचदा डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. गाडी जरा रिव्हर्स घेतली की तो कधी कधी पडतो.

खात्री जॅकवरच होते. सपाट जागा, दुसऱ्या चाकांना दगड, गाडीखाली स्टँड. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेरिंगची किरकिर कानाला येत नाही तेव्हाही स्प्रिंगमधून बोटांना लागते. मग चाक वर-खाली धरून हलवा. खडखड खेळ जाणवला तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा; यातलं काहीही असलं तरी ती गाडी गॅरेजपर्यंत टोचन करूनच न्यावी.