प्रतीचं पांढरं मार्जिन कापू नका

टॅब्लेटवर काढलेल्या फुलांच्या स्थिरचित्राची छापील प्रत आमच्याकडून नेलीत, की फ्रेमला देण्याआधी हे वाचा. फ्रेमवाल्यालाही दाखवा.

चित्राभोवतीचा कोरा कागद जास्तीचा नाही. त्यावर डावीकडे खाली पेन्सिलीने १२/५० (म्हणजे फक्त पन्नास प्रतींपैकी बारावी) असा क्रमांक असतो आणि उजवीकडे चित्रकर्तीची सही. हे दोन्ही गेलं, की मर्यादित आवृत्तीची ओळखच गेली. तरी नेमकं हेच होतं. घरात जुनी फ्रेम पडून असते, चित्र तिच्यात मावत नाही, म्हणून कडेने पाते फिरतं. कुठे कागद फुगू नये म्हणून मागे फेव्हिकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवतात, वर लॅमिनेशन करतात. मग प्रत आमच्याकडे येते: ‘दुसरी काढून द्या, फाईल तर आहेच.’

फाईल आहे, पण प्रत मिळणार नाही. ५० जाहीर केल्या, तर एक्कावन्नावी काढणं म्हणजे बाकीच्या सगळ्यांची फसवणूक. चिकटवलेला कागद सोडवण्यात आमचे दिवस जातात आणि तो पूर्ववत होतोच असं नाही.

‘मशीनमधून निघालेल्याला एवढी किंमत?’ असंही विचारतात. पाकळी न् पाकळी टॅब्लेटच्या पेनने हातानेच काढलेली असते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी आयफोन-आयपॅडवर काढलेली फुलं २०१० साली पॅरिसच्या प्रदर्शनात स्क्रीनवरच मांडली होती. नंतर त्यांच्या आयपॅड-चित्रांच्या मर्यादित प्रती कागदावरही निघाल्या. आम्ही सुती कागदावर पिगमेंट शाईने छापतो. झेंडूचा केशरी स्क्रीनवर प्रकाशामुळे झगझगतो, तो कागदावर तसाच उतरत नाही. म्हणून नमुना छापून चित्रकर्ती रंग पसंत करते, मगच आवृत्ती सुरू होते. लहान क्रमांकासाठी अडून बसू नका. धातूच्या प्लेटवरून छापताना प्लेट झिजते, इथे झिजायला काही नाही. पहिली आणि पन्नासावी प्रत सारखीच.

फ्रेम करताना आम्लविरहित बोर्डाचा माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, हवाच. त्याने काच शाईला टेकत नाही. पावसाळ्यात दमट हवेने कागद थोडा फुगतो, म्हणून तो वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगतात, बाकी मोकळा. ही खळ पाण्याने सुटते, म्हणून पुढे फ्रेम बदलता येते. आमची फ्रेम गल्लीतल्या दुकानापेक्षा महाग पडते ती यासाठीच. बाहेर करायची असेल तर निदान माउंट आमच्याकडून कापून न्या, क्रमांक आणि सही दिसतील असा खिडकीचा आकार आम्ही धरतो. थेट ऊन येणारी आणि बाथरूमची ओल झिरपणारी भिंत टाळा. जागा ठरत नसेल तर भिंतीचा फोटो आणि मोजमाप घेऊन या, त्याप्रमाणे फ्रेमची रुंदी सुचवू.