मनाचे आजार मोजताना

देशात मनोविकाराचे रुग्ण किती, हे मनोरुग्णालयांच्या नोंदवह्यांवरून कळत नाही. तिथे फक्त दारापर्यंत पोचलेल्यांचीच नावे असतात. म्हणून बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रशिक्षित मुलाखतकार १२ राज्यांत घरोघर गेले आणि निवडलेल्या घरांतल्या प्रौढांशी ठरलेल्या प्रश्नावलीनुसार बोलले.

अशा प्रश्नावलीत मोघम विचारून भागत नाही. गेले दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटत होते का, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतले मन उडाले आहे का, असे विचारतात आणि निदान एकाला तरी होकार आला, तरच झोप, भूक, थकवा, मरणाचे विचार यांची पुढची चौकशी होते. मुदतीची ही अट नसती, तर चार दिवसांची खिन्नताही आजारात धरली गेली असती. अर्थात खोली एकच आणि सासूबाई समोर बसलेल्या असतील, तर सून काय उत्तर देणार! असे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी भरण्याचीच शक्यता अधिक.

या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात मनोविकार असल्याचे आढळले. चर्चा याच आकड्याची झाली. धोरणासाठी मात्र उपचारांतली तूट मला अधिक बोलकी वाटते. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मनोविकारांत सुमारे ८५ टक्के, तर तीव्र मनोविकारांत सुमारे ७४ टक्के रुग्ण उपचारांविना होते. तीव्र विकारांचे रुग्ण एकूण प्रौढांत शेकडा एकाहूनही कमी, म्हणजे बहुतेकांची गरज मनोरुग्णालयातल्या खाटेची नसून प्राथमिक आरोग्य केंद्रातच नैराश्य ओळखून औषध आणि समुपदेशन देऊ शकणाऱ्या डॉक्टरची आहे.

सरासरीही फसवी असते. महानगरांत मनोविकारांचे प्रमाण १४.७ टक्के, ग्रामीण भागात ६.९ टक्के; आसामात ५.८, तर मणिपुरात १४.१.

त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०२२ मध्ये देशात सर्वाधिक, २२,७४६ आत्महत्यांची नोंद याच राज्यात झाली. पण मृत्यूंच्या नोंदीवरून जिवंत रुग्णांचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय राज्याचा एकच आकडा हाती आला, तरी समुपदेशक आधी गडचिरोलीत नेमावा की नंदुरबारात, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी जिल्हानिहाय पुरेसा मोठा नमुना लागतो आणि नेमणुकीनंतर उपचारांतली तूट कमी झाली का, हे पाहायचे तर तीच प्रश्नावली काही वर्षांनी पुन्हा न्यावी लागते.